उत्तरेची बाजू राहिली

जोआन लिडलने आपल्या गाडीची किल्ली गढीच्या दगडात घातली आणि ती सहज आत गेली. तिने ती जराशी फिरवली तेव्हा दगडातून पिवळी वाळू गळायला लागली. आम्ही तिघंही ती वाळू गवतावर पडताना बघत राहिलो.

"हा आता दगड राहिलेला नाही," ती म्हणाली. "दगडाच्या आकाराची वाळू आहे नुसती."

मी खिम्याचं गरम भांडं हातात धरून उभी होते, कारण त्या दिवशी गुरुवार होता आणि गुरुवारी मी आयझॅकला जेवण घेऊन जाते. आयझॅक थर्लवेल माझ्या बहिणीचा नवरा. माझी बहीण नोरा दोन वर्षांपूर्वी गेली, आणि मी नसते तर हा माणूस चहा आणि बिस्किटांवर जगला असता. तो आभार वगैरे मानत नाही. भांडं घासून परत देतो, आमच्याकडे तेवढं पुरतं.

जोआनला पुराण्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने पाठवलं होतं. हेक्सहॅमची गवंडी, पन्नाशीची, चुन्याने हात उललेले, आणि बोलणं असं की समोरच्याला सावरून बसायचीही सवड द्यायची नाही. मला ती बाई पहिल्या भेटीत अजिबात आवडली नाही. तिने भिंतीवरून तळवा फिरवला, चार पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"हे सांध्यांमध्ये सिमेंट कोणी भरलं?"

आयझॅकने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"का?" मी विचारलं. "वाईट भरलंय का?"

"नाही हो. फार चांगलं भरलंय, तोच तर घोटाळा झालाय. पाऊस भिंतीत शिरणारच. पूर्वी सांध्यात चुना होता, त्यातून पाणी हळूहळू बाहेर यायचं. सिमेंटमधून ते येत नाही. मग ते दगडात मुरतं, थंडीत गोठतं, आणि दगड आतून फुटतो. दोघांपैकी एकाला झिजायचंच असतं. चुना झिजला तर पुन्हा भरता येतो. इथे दगडच झिजलाय आणि सिमेंट जसंच्या तसं." तिने किल्ली पँटला पुसली. "कोणी केलं ते समजलं तर बरं होईल. सिमेंट किती कडक कालवलं होतं ते विचारता येईल."

"माझ्या बायकोने," आयझॅक म्हणाला. "मी खरवडून द्यायचो, भरायची ती."

"मग त्यांनाच बोलवा ना जरा."

"ती नाही आता," मी म्हणाले. "आणि जेवण गार होतंय."

यावर तरी ही बाई वरमेल असं मला वाटलं होतं. वरमली, पण थोडीच. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत पोखरली गेली आहे, सगळं सिमेंट काढून चुना भरावा लागेल, खर्च खातं करेल, मालकाचा होकार तेवढा हवा, असं तिने तिथेच गवतात उभं राहून सांगून टाकलं. वैद्यानेही रोग्याला आधी खुर्ची दिली असती.

आता हे सिमेंट काय होतं ते सांगते, नाहीतर आयझॅक नुसता हटवादी म्हातारा वाटेल. हटवादी तर तो आहेच.

हॅरोहोपची गढी थर्लवेलांच्या अंगणात आहे, म्हणजे खरं तर त्यांचं घर तिच्या अंगणात आहे. खाली गुरं कोंडायची, वर माणसांनी चढायचं, आणि सीमेपलीकडचे लुटारू आले की शिडी ओढून घ्यायची, अशा काळातली ती. एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या भयंकर हिवाळ्यात तिची पूर्वेची भिंत कोसळली आणि आडोशाला उभ्या असलेल्या गाभण मेंढ्या खाली चिरडल्या. आयझॅकचा बाप म्हणाला, उरलेलीही पाडा आणि दगड कुंपणाला वापरा. नोराचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवी सून, तिने सासऱ्याला जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "इतकी वर्षं तिने तुमची माणसं राखली, आता तुम्ही तिला राखा." सासरा मरेपर्यंत तिला 'गढीची राणी' म्हणत राहिला, आणि ते काही कौतुकाने नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, मेंढ्यांची लोकर कातरून झाली की गवत कापणीला येईपर्यंत दोघं भिंतीला लागायची. आयझॅक शिडीवर चढून सांध्यांतला पीठ झालेला जुना चुना खिळ्याने खरवडायचा. नोरा बादलीत सिमेंट कालवायची आणि थापीने भरायची. आणि भरून झालं की लग्नात मिळालेल्या चमच्यांपैकी एका चमच्याची पाठ त्या ओल्या सांध्यावरून ओढायची, शेवटी टोक किंचित दाबायची. मटण भरून भट्टीत भाजायच्या पारीची कड ती तशीच दाबायची, त्याच चमच्याने. मी कितीदा सांगितलं, निदान चमचा तरी दुसरा घे. ती म्हणायची, "धुते ना मी."

त्या काळी सगळेच सिमेंट भरत होते, हे मला जोआनला ओरडून सांगायचं होतं. याच खात्याचा एक साहेब टाय लावून आला होता, त्याने भिंत पाहिली आणि असं काम सगळीकडे व्हायला हवं म्हणाला. नोराने ती गोष्ट आयुष्यभर सांगितली. साहेबाने टायचं टोक शर्टात कसं खोवलं आणि शिडी कशी चढला, इथपासून सांगायची.

मूलबाळ झालं नाही त्यांना. गावात म्हणायचे, थर्लवेलांचं पोर सहाशे वर्षांचं झालं तरी अजून धरून उभं करावं लागतं. नोरा हसायची त्यावर. मग तिचे गुडघे गेले, शिडीखाली उभं राहणंही जमेना, आणि भिंतीचं काम थांबलं. उत्तरेची बाजू करायची राहिली. ती सावलीची, शेवाळलेली बाजू, म्हणून त्यांनी शेवटी ठेवली होती. शेवटच्या आजारपणात तिला जेव्हा शुद्ध असायची तेव्हा तिला दोनच चिंता असायच्या, कोंबड्यांना दाणे कोण घालणार, आणि उत्तरेची बाजू राहिली. "उत्तरेची बाजू राहून गेली रे, आयझॅक." तो म्हणायचा, "करू आपण."

तिची कबर खाली चर्चच्या आवारात आहे. आयझॅक तिथे नाताळात आणि तिच्या वाढदिवसाला जातो. एरवी तिला भेटायचं असेल तर तो मागच्या दाराने गढीकडे जातो. मी त्याला पाहिलंय, चहाचा मग घेऊन भिंतीशी उभा असतो आणि अंगठा चमच्याच्या त्या खळग्यात ठेवतो. मी पाहिलंय हे त्याला माहीत नाही.

म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरात तो जेवत होता तेव्हाच मला पुढचं सगळं दिसत होतं.

"काढू देणार नाही मी," भांडं पुसून झाल्यावर तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू म्हणायच्या आधी सांगितलं."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझीही बहीण होती ती. तिचा आवाज आता मला नीट आठवत नाही, पण तिने ओढलेली ती रेघ मी कुठेही ओळखीन. हातोडा-छिन्नी घेऊन कुणी परकी बाई ती उकरून काढणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी घरी जाऊन जोआन लिडलला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या, आणि मग नोरालाही घातल्या. एवढं घट्ट कशाला भरायचं? माझ्यासारखं करायचं ना, जे काही केलं ते अर्धवट.

जोआन जुलैत पुन्हा आली. या खेपेला बूट दाराशी काढून आत आली, म्हणजे काहीतरी शिकली होती. आयझॅकने तिला चहा दिला, आलेपाकाची बिस्किटं पुढे केली, आणि मेंढ्यांबद्दल बोलायला लागला. लोकरीला भाव कसा नाही, कोल्हे कसे माजलेत, शेजारच्या डगीचा कुत्रा कसा निकामी आहे. तिने ऐकून घेतलं.

"मिस्टर थर्लवेल," ती शेवटी म्हणाली, "चुना थंडीत धरत नाही. ओला असताना गोठला तर फुकट जातो. सप्टेंबर संपेपर्यंत भरून झाला पाहिजे, म्हणजे मला ऑगस्टच्या सुरुवातीला परांची बांधायला हवी."

"डगीचा कुत्रा," आयझॅक म्हणाला, "मेंढ्यांना घाबरतो. विश्वास बसेल तुमचा?"

"बसेल," ती म्हणाली. चहा संपवून ती उठली. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले ते केवळ तिला चार शब्द सुनवायला.

"तुम्हाला काय वाटतं, त्याला कळत नाही?" मी म्हणाले. "त्याची बायको आहे त्या भिंतीत."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं." तिने गाडीचं दार उघडलं, पण बसली नाही. "माझ्या बापाने आमच्या गावच्या चर्चचा मनोरा सिमेंटने भरला होता. गावाने त्याच्या नावाची पाटी लावली. तो मनोरा उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पाटीसकट उतरवला."

"मग वडील काय म्हणाले?"

"नव्हते तेव्हा. तेवढं एक बरं झालं."

त्यानंतर मला तिला शिव्या घालायला पूर्वीसारखं जमेना. उलट माझी झोप उडाली. पुढच्या गुरुवारी मी आयझॅकपाशी विषय काढला.

"भिंत पडली तर तिचं काय राहील?"

"काढलं तर काय राहील?"

"भिंत राहील ना, म्हाताऱ्या."

"मला भिंत काय करायचीय, एडना?"

सगळं गाव त्याला गढीवाला म्हणायचं, शाळेची पोरं सहलीला आली की तोच त्यांना ती दाखवायचा. त्या गढीसाठी त्याने शेताचं, घराचं, स्वतःच्या पाठीचं वाटोळं केलं होतं. आणि त्याला ती भिंत नकोच होती. त्याला तिच्यावरची नोरा हवी होती, आणि नोरा भिंतीला सोडून राहू शकत नव्हती. मी वाटाणे सोलत बसले. ऑगस्ट गेला. सप्टेंबरही तसाच गेला.

त्या शरद ऋतूत पाऊस असा लागला की ओढ्यावरची फळी वाहून गेली. ऑक्टोबरच्या अखेरीला, गुरुवार नसताना, आयझॅकचा फोन आला. तो फोन कधीच करत नाही.

"इकडे ये," एवढंच म्हणाला.

मी पोचले तेव्हा तो दक्षिणेच्या भिंतीशी उभा होता, टोपी नाही, केस भिजून कपाळाला चिकटलेले. नुकताच पाऊस थांबला होता. त्याने आपला हात भिंतीत घातला. सिमेंटच्या सांध्यांची चौकट तशीच होती, रेखीव, चमच्याने ओढलेली, आणि तिच्या मागे जिथे दगड असायला हवा तिथे पोकळी होती. त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला. त्याने मूठ बाहेर काढून उघडली. ओली वाळू होती.

"सगळीकडे असंच आहे," तो म्हणाला. "जिथे हात घालावा तिथे. मी सकाळपासून बघतोय."

मला जवळ जायचा धीर झाला नाही. लांबून ती भिंत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसत होती, आणि ते जाळं माझ्या बहिणीने विणलेलं होतं.

"ती असती तर काय म्हणाली असती?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "तिने स्वतः छिन्नी घेतली असती," मी म्हणाले. "आणि तुला शिडी धरायला लावली असती."

"हो," तो म्हणाला. "आणि त्या साहेबाला पत्र लिहिलं असतं. शिव्यांचं."

"तो मेला असेल कधीच."

"तरी लिहिलं असतं."

आम्ही दोघं हसलो, आणि हसताना त्याचा चेहरा असा वेडावाकडा झाला की मी नजर फिरवली.

जोआनला फोन करायच्या आधी त्याला चर्चमध्ये जायचं होतं. मी त्याला गाडीतून खाली घेऊन गेले. नाताळ नव्हता, तिचा वाढदिवसही नव्हता. तो कबरीपाशी उभा राहिला, मी थोडी मागे थांबले, पण वारा माझ्याकडे वाहत होता.

"नोरा," तो म्हणाला, "सिमेंट काढावं लागणार आहे. सगळंच. तुझी काही चूक नाही, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं." मग वाकून दगडावरची ओली पानं झटकली. "चमचा ठेवलाय मी."

आयुष्यात त्याला इतकं अवघड काही करावं लागलं नसेल. तिला पुरतानाही नाही, कारण तेव्हा घरी परतून भिंतीशी जाता येणार होतं. आता तो ते स्वतःच्या तोंडाने सोडून देत होता. परत येताना त्याने गाडीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हवा बरी आहे." मला वाटलं, झालं, सुटला हा.

फोन मी लावला आणि त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "लिडलबाई, काढा." मग ती बोलायला लागली. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण त्याचा चेहरा दिसत होता.

"एप्रिल," त्याने फोन खाली ठेवून सांगितलं. "आता चुना धरणार नाही. आणि चुना भरता येत नसताना सिमेंट काढलं तर भिंत उघडीच पडेल. एप्रिलपर्यंत थांबायचं."

"मग थांबू."

"हो. थांबू."

ती मात्र थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन आली, दोन माणसं बरोबर, आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी दोन्ही भिंतींना लाकडी टेकू दिले, माथ्यावर ताडपत्री टाकली, वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधलं. खात्याने याचं काही सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच्या मनाने केलं. मी सगळ्यांना कांदा घालून उकडलेलं पुडिंग खाऊ घातलं. तिने दोनदा घेतलं. निघताना ती आयझॅकला म्हणाली, "पाऊस आत जाणार नाही आता. जो आधीच गेलाय त्याचं मी काही करू शकत नाही."

तो हिवाळा कसा गेला ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. नोव्हेंबरातच बर्फ पडला आणि वितळायचं नाव नाही. नळ गोठले, डगीचा निकामी कुत्रा गारठून मेला, आणि तेव्हा आयझॅकनेच त्याच्यासाठी खड्डा खणायला कुदळ नेली. रोज सकाळी तो गढीकडे जाऊन ताडपत्रीवरचा बर्फ झाडूने काढायचा. मी ओरडायचे, पडशील मेल्या, कोण उचलणार तुला? तो म्हणायचा, एप्रिलपर्यंत नाही पडत. हे तो स्वतःबद्दल म्हणायचा की भिंतीबद्दल, मी विचारलं नाही.

भिंत थंडीत पडली नाही. जोवर सगळं गोठलेलं होतं तोवर बर्फानेच तिला धरून ठेवलं होतं. जानेवारीच्या मध्यावर अचानक दक्षिणेकडून उबदार वारा सुटला, छपरांवरून पाणी धो धो वाहायला लागलं, आणि गावात जो तो एकमेकांना म्हणत होता, चला, सुटलो बाई एकदाचे. मी दुकानात रांगेत उभी राहून तेच म्हणत होते. घरी आले तर फोन वाजत होता.

"पडली," आयझॅक म्हणाला. "तू जेव आणि मग ये. घाई नाही काही."

मी जेवले नाही. वर पोचले तेव्हा तो मेंढ्यांच्या खाद्याची बादली उलटी करून तिच्यावर बसला होता. अंगावर, भुवयांवर पिवळी धूळ. त्याला काही लागलं नव्हतं. पश्चिमेची आधी बसली, आणि तिच्यामागोमाग दक्षिणेची, असं त्याने सांगितलं. आवाज फारसा झाला नाही म्हणाला. टेकू खाली काड्यांसारखे मोडले होते आणि त्यांच्यावर एवढा मोठा ढीग होता, पण त्या ढिगात दगड असे फारच थोडे होते. बहुतेक सगळी वाळूच, ओली, समुद्राकाठच्यासारखी.

आणि त्या वाळूत सगळीकडे सिमेंट पडलं होतं. लांब पट्ट्या, कोपरे, अख्ख्या चौकटी. मला वाटलं होतं तुकडे तुकडे झाले असतील. काही पट्ट्या हातभर लांब होत्या आणि त्यांच्यावरची चमच्याची रेघ काल ओढल्यासारखी होती.

जोआन दुपारी आली. ढिगाच्या कडेने एक फेरी मारली, वाकून एक पट्टी उचलली आणि हातोडीने तिच्यावर ठोका मारला. टणक आवाज आला, बाकी काही नाही. तिने ती पट्टी आयझॅककडे आणून दिली.

"इतक्या निगुतीने भरलेलं काम मी फार थोड्यांचं पाहिलंय," ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरले होते, हे मी मुद्दाम सांगते, कारण तिच्याबद्दल मी आधी जे बोलले तेही मुद्दामच बोलले होते.

आयझॅकने अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो बरोबर बसला.

"हिला काहीच झालेलं नाही," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "बघ ना, एडना. काहीसुद्धा झालेलं नाही हिला."

ती पट्टी त्याने घरात नेली नाही. मी म्हटलं, एक तरी खिडकीत ठेवू, तर तो नको म्हणाला. सगळं सिमेंट त्याने स्वतः वेचून घमेल्याने नेलं आणि ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकलं, जिथे ट्रॅक्टर रुततो तिथे. त्याला बरेच दिवस लागले. मी मदतीला गेले की म्हणायचा, तू चहा कर. गुरुवारचं भांडं आता तो घासून द्यायला विसरायला लागला, आणि मीच ते घरी नेऊन घासायला लागले. गढीकडे चहाचा मग घेऊन जाणं बंद झालं. मागचं दार त्याने आतून बंद करून ठेवलं आणि उंबऱ्याला जुना कोट सारला, वारा येतो म्हणून.

एप्रिलमध्ये जोआन ठरल्याप्रमाणे आली, कारण एक भिंत उभी होती. खात्याला तिच्याबद्दल लिहून हवं होतं. आयझॅक यायला तयार नव्हता. मी त्याला कोट घातला आणि दंडाला धरून बाहेर काढलं, माणसाने एकदा तरी बघावं म्हणून.

उत्तरेची भिंत वाळूच्या पलीकडे एकटी उभी होती. हिरवी, शेवाळलेली, सांध्यांमधून नेचे उगवलेले, जुना चुना जागोजागी झिजून आत गेलेला. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, पाहण्यासारखं काही नव्हतं तिथे. जोआनने शिडी लावली, वर चढली, खिशातून किल्ली काढली आणि दगडावर दाबली. किल्ली आत गेली नाही. तिने दुसरीकडे दाबली. तिथेही नाही. ती बराच वेळ वरच राहिली, आणि मला कळलं की तिला खाली यायचं नाहीये.

"काय करावं लागेल हिला?" मी खालून विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"काही नाही," जोआन म्हणाली. "माथ्यावरचं गवत तेवढं काढायचं. ही अजून दोनशे वर्षं उभी राहील."

आयझॅकने भिंतीवर तळवा ठेवला. तिथे अंगठा ठेवायला कुठे जागा नव्हती.

"हिच्यासाठी तिने शेवटपर्यंत माझा जीव खाल्ला," तो म्हणाला. "गुडघे बरे असते ना तिचे, तर हीही केली असती आम्ही."